तक्रार ‘क्लोज’ झाली, पाणी मात्र तिथेच! – वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एकच गोष्ट विचारली होती, तुमच्या एरियातला असा कुठला प्रॉब्लेम आहे जो वर्षानुवर्षं तसाच पडून आहे आणि त्याच्या मुळाशी जायचा तुम्ही लोकांनी मिळून कधी प्रयत्न केलाय का. ठाणे-नवी मुंबईतून इतकी पत्रं आणि मेल आले की बाकीचे सगळे विषय यावेळी बाजूला ठेवलेत. सगळी छापता येणार नाहीत, पण ज्यात बऱ्याच जणांचा सेम प्रश्न आहे अशी निवडलीत. नावं-पत्ते नेहमीप्रमाणे देत नाही.

कोपरखैरण्याहून एक गृहिणी विचारतात : आमच्या गल्लीच्या तोंडाशी दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. मी दरवर्षी अ‍ॅपवर तक्रार टाकते, दोन-तीन दिवसांत ‘निराकरण झाले’ असा मेसेज येतो आणि पुढच्या पावसात परत तेच. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पूर येतो पण पुढे काही होत नाही. आता अजून काय करायचं?

ताई, तुम्ही वर्षानुवर्षं तक्रार करत राहिलात हेच खूप आहे, बरेच जण दुसऱ्या वर्षी सोडून देतात. पण तक्रारीची एक मर्यादा आहे. ती ‘आज इथे पाणी आहे’ एवढंच सांगते, आणि माणूस येऊन बघतो तेव्हा पाणी उतरलेलं असतं, मग त्याच्या दृष्टीने काम संपलं. पाणी का तुंबतं हे त्या तक्रारीत कुठेच नसतं, आणि तेच तर शोधायचंय ना.

आणि नवी मुंबईत हा ‘का’ जरा वेगळा आहे. खाडीच्या बाजूचे बरेच सेक्टर भराव टाकून केलेत, मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा जमीन खाली आहे. सिडकोने शहर आखताना त्यासाठी धारण तलाव ठेवले, ज्यांना आपण होल्डिंग पॉण्ड म्हणतो. भरती आली की झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात थांबणार, ओहोटी लागली की झडपा उघडून पाणी खाडीत जाणार. आता तलावात गाळ भरला किंवा झडपा नीट लागत नसल्या तर ही सगळी साखळीच बिघडते, आणि त्यात कांदळवन, म्हणजे मॅन्ग्रोव्ह, उगवलेलं असेल तर ते सरसकट तोडता येत नाही, मुंबई हायकोर्टाचे २००५ आणि २०१८ चे आदेश आहेत त्यावर, आणि ते आदेश योग्यच आहेत असं माझं मत आहे कारण कांदळवन गेलं तर पूर कमी होणार नाही, वाढेल.

म्हणजे तुमच्या गल्लीतलं पाणी तीन वेगवेगळ्या कारणांनी साचू शकतं. एक तर गल्लीतलं गटारच चोक आहे, दुसरं म्हणजे रस्ता उचलून नवीन केला आणि तुमचा तुकडा खोलगट राहिला, आणि तिसरं भरतीमुळे पाण्याला जायला वाटच नाही. तिन्हीचे उपाय वेगळे, खर्च वेगळा, डिपार्टमेंटसुद्धा वेगळं. गटार चोक असेल आणि तुम्ही पंप मागत बसलात तर पंप येईलही कदाचित, पण पाणी तसंच राहील.

हे ओळखायला इंजिनियर व्हायची गरज नाही, फक्त एक पावसाळा नीट लिहून काढायला हवा. गल्लीतल्या एखाद्या खांबावर, कंपाउंडच्या भिंतीवर चालेल पण परवानगी घेऊन, दर दहा सेंटीमीटरला ऑइल पेंटने रेघ मारा. पाणी चढायला लागलं की किती वाजता कुठल्या रेघेपर्यंत आलं, कधी थांबलं, कधी उतरलं एवढंच टिपायचं. गच्चीवर सरळ भिंतींचं एखादं भांडं ठेवा, भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजून ओता, हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच धरतात म्हणून त्यांच्या आकड्याशी जुळवता येतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्यामुळे आपल्या गच्चीवर, रस्त्यावर किती पाणी पडलं याचा हिशोब शाळेतली मुलंसुद्धा करतील, आणि त्यांना करू द्याच.

आणि तिसरा कॉलम भरतीचा. टाइड टेबल ऑनलाइन मिळतं, पण घरात कालनिर्णय असेल तर तिथी बघून सुद्धा अंदाज येतो, आपल्याकडे कोळी लोक तिथीची पाऊणपट करतात तसं. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण म्हणजे सहा, साधारण सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच उधाण असतं. खाडीत आत आत जाल तसं थोडं उशिरा होतं, पण अंदाजाला पुरे.

आता पावसाळा संपला की कागद समोर ठेवा. पाणी फक्त उधाणाच्या भरतीला पाऊस आला तेव्हाच साचलंय का? मग प्रश्न धारण तलावाचा आणि झडपांचा आहे. भर ओहोटीला सुद्धा साचलंय? मग गटार किंवा रस्त्याचा उतार. तास-दोन तासांत झपकन उतरलं तर पाण्याला वाट आहे पण ती अपुरी आहे, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर वाटच बंद आहे. असा तक्ता घेऊन तुम्ही वॉर्ड ऑफिसला गेलात की समोरचा माणूस ‘बघतो’ म्हणून सोडून देऊ शकत नाही, कारण तुम्ही त्याच्याच भाषेत बोलताय.

फोटोंचं एक सांगते. ग्रुपवर फोटो फॉरवर्ड झाला की त्यातली तारीख-लोकेशनची माहिती निघून जाते. म्हणून एकाच फोनवर किंवा ड्राइव्हवर ओरिजिनल ठेवा, आणि फोटो दरवेळी एकाच जागेवरून काढा, रेघा मारलेला खांब दिसला पाहिजे. नुसते सेल्फी आणि बुडालेल्या स्कूटर पुरावा म्हणून फार उपयोगी पडत नाहीत.

टायमिंगही महत्त्वाचं आहे. नालेसफाई एप्रिल-मेमध्ये चालते, पण त्याआधी बजेट ठरतं आणि ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडतात. म्हणजे तुमचा तक्ता दिवाळीनंतर लगेच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पोचला पाहिजे. जूनमध्ये आरडाओरडा करून जूनमध्ये गटार रुंद होत नाही. पुण्यात २००६-०७ पासून महापालिका नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवून घेते, आपल्याकडेही लोकांनी एवढ्या तयारीने कामं सुचवली तर तशी मागणी करायला बळ येईल.

बेलापूरच्या बाजूच्या कोळीवाड्यातून एक तरुण : माझे बाबा, काका सगळे खाडीत मासेमारी करत आले. बाबा सांगतात पूर्वी इथे बोयटं, चिंबोऱ्या, निवट्या किती मिळायच्या, आता चिखलच जास्त आणि मासळी लांब गेली. आमच्याकडे कागद काहीच नाही, नुसतं सांगणं. याला कोण संशोधन म्हणेल?

दादा, तुझ्या घरात कित्येक वर्षांची माहिती आहे, फक्त ती लिहिलेली नाहीये. आधीच्या पत्रातल्या ताईंना मी जे तिथीचं सांगितलं ते कोळीवाड्यांचंच ज्ञान आहे आणि रोज खरं ठरतं.

लिहायची सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून कर, कारण ती थांबणार नाहीत. पण ‘पूर्वी’ या शब्दावर सोडू नकोस. वाशीचा दुसरा पूल झाला त्याच्या आधी की नंतर, २६ जुलै २००५ च्या पुराआधी की नंतर, लॉकडाऊनच्या आधी की नंतर, असं विचारलं की लोकांना बरोबर आठवतं. चार-पाच वेगवेगळ्या घरांत वेगवेगळं बसून विचार, सगळ्यांना एकत्र बसवलं की एक जण बोलतो आणि बाकीचे मान डोलवतात. बायकांना वेगळं विचार, बाजारात मासळी त्या नेतात, कुठला मासा कधी यायचा बंद झाला हे त्यांना जास्त नेमकं माहीत असतं.

मग आत्ताची नोंद. प्रत्येक खेपेला तारीख, तिथी, कुठे गेलो, जाळं कुठलं, किती तास, काय आणि किती किलो. यातले तास सगळ्यात महत्त्वाचे आहेत. पाच किलो मिळाले एवढ्याने काही कळत नाही, दोन तासांत पाच किलो की आठ तासांत पाच किलो यात सगळा फरक आहे. आणि ज्या दिवशी रिकाम्या हाताने आलात तो दिवस तर नक्कीच लिही, माणसं नेमका तोच गाळतात आणि मग वहीत सगळं छान चाललंय असं दिसतं.

हे कुठे द्यायचं? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत, म्हणजे महापालिकेत सुद्धा, जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला लागते आणि तिने लोकांना सोबत घेऊन लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या जीवसृष्टीबद्दल लोकांना जे माहीत आहे त्याची नोंद, बनवायची असते. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या नोंदवहीच्या कल्पनेसाठी वर्षानुवर्षं काम केलं. तुमचं सांगणं अधिकृत कागदावर यायचा हा सरळ रस्ता आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला, म्हणजे खाडीबद्दल आता बरेच निर्णय होत राहणार, आणि पक्ष्यांच्या नोंदी व्यवस्थित आहेत पण खाडीवर पोट असलेल्या माणसांच्या नोंदी त्या मानाने खूप कमी. ही जागा तुम्हीच भरायला पाहिजे. एकच लक्षात ठेव, चांगल्या जागा कुठे आहेत त्याचा अचूक नकाशा बाहेर कुणाला देऊ नकोस, एरियाचं ढोबळ नाव पुरे. ते तुमचं पोट आहे.

ठाण्याच्या लोकमान्य नगर भागातून एक ताई : मी घरकाम करते. आमच्या चाळीत दरवर्षी कोणी ना कोणी सर्वेला येतं, कॉलेजची मुलं, संस्थावाले, कधी टॅब घेऊन कधी फॉर्म घेऊन. पाणी किती वेळ येतं, संडास किती, पगार किती, सगळं विचारतात. मी कामाला उशीर करून उत्तरं देते. परत कोणी येत नाही. यावर्षी मी दार लावून घेतलं. माझं चुकलं का?

अजिबात नाही ताई. तुमचा राग बरोबर आहे आणि हे पत्र खरं म्हणजे आम्ही लिहिणाऱ्या-शिकणाऱ्या लोकांनी आधी वाचायला हवं. तुमचा वेळ घेतला, माहिती घेतली, त्यावर कुणाला मार्क मिळाले, कुणाचा रिपोर्ट झाला, आणि तुमच्या नळाला पाणी होतं तेवढंच राहिलं. याला सहभाग म्हणत नाहीत.

पण याच्या उलटं पण घडलेलं आहे आणि तेही इथेच, मुंबईत. १९८५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की फुटपाथवरच्या झोपड्या हटवता येतील, कोर्टाने जगण्याचा हक्क मान्य केला तरी हटवायला परवानगी दिली. तेव्हा भायखळा-नागपाडा भागातल्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका आणि स्पार्क ही संस्था यांनी ठरवलं की आपली मोजणी आपणच करायची. कोण कुठून आलं, काय काम करतं, किती वर्षं इथे आहे. तोपर्यंत फुटपाथवाले कुठल्या यादीतच नव्हते, आणि जो यादीत नाही त्याच्याशी सरकार बोलणार काय? त्यातून पुढे महिला मिलन ही या बायकांची संघटना उभी राहिली, जोकिन अर्पुथम यांच्या झोपडपट्टीवासीयांच्या फेडरेशनची साथ मिळाली आणि आपल्या वस्तीची मोजणी आपण करायची ही पद्धत आफ्रिका-आशियातल्या कितीतरी शहरांत गेली. मुंबईतलीच पुकार ही संस्था घ्या, अर्जुन अप्पादुराई यांनी सुरू केलेली, त्यांचं म्हणणं की संशोधन हा सगळ्यांचा हक्क आहे, डिग्रीवाल्यांची मक्तेदारी नाही. त्यांनी वस्तीतलीच मुलं संशोधक म्हणून तयार केली, मुंबईच्या कौला बंदर वस्तीत पाणी किती मिळतं आणि त्याला किती पैसे मोजावे लागतात याचा अभ्यास त्याच मुलांना घेऊन झाला. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० पासून अख्तर हमीद खान यांच्या कामातून लोकांनी गल्लीगल्लीत वर्गणी काढून ड्रेनेज स्वतः टाकलं आणि पुढे पोरांनी नाल्यांचे नकाशे काढले, ते नकाशे सरकारला सुद्धा वापरावे लागले.

म्हणून पुढच्या वेळी दार उघडा, पण आधी तुम्ही प्रश्न विचारा. हा सर्वे कोणी सांगितलाय, पैसे कोणाचे आहेत? माहितीचं काय करणार? निकाल आमच्या चाळीत येऊन मराठीत कधी सांगणार, तारीख लिहून द्या. आमच्यातल्या दोघी-तिघींना तुमच्याबरोबर घ्या आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या, तुमच्या पोरांना मानधन मिळतं ना, मग आमच्यांना का नाही. नाव, आधार नंबर, फोटो यांची गरज असेल तर का ते सांगा, नाहीतर देणार नाही. नकोसा वाटेल त्या प्रश्नाला उत्तर न देणं हा तुमचा हक्क आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्हाला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो तुमच्या फॉर्ममध्ये घाला.

हे सगळं एकटीने बोलायला जड जातं, म्हणून चाळीतल्या चार-पाच बायकांनी आधी बसून ठरवा की आपला एक नंबरचा प्रश्न कुठला. समजा पाणी. मग एका वहीत आठवडाभर पाणी किती वाजता आलं, कधी गेलं, प्रत्येक घराचे किती हंडे भरले, गढूळ होतं का, एवढं लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी रेघोट्या चालतात. पुढचा सर्वेवाला आला की वही पुढे करा, म्हणा आमचा अभ्यास झालाय, तुम्ही हा पुढे न्यायला मदत करणार का बोला.

घोडबंदर रोडवरून ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचे एक सदस्य : सिग्नल सुटतो आणि आम्ही रस्त्याच्या मध्यावरच असतो. ट्रॅफिकवाल्यांना सांगितलं तर म्हणतात वेळ बरोबर सेट केलेला आहे. आम्ही म्हातारे, आमचं कोण ऐकणार?

काका, तुमच्या कट्ट्यावर जेवढे अनुभवी लोक आहेत आणि सकाळचा जेवढा वेळ आहे तेवढा कुठल्याच सल्लागार कंपनीकडे नसतो. तो वापरू या.

वेळ ‘बरोबर सेट’ म्हणजे कुणासाठी बरोबर? पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे मार्गदर्शक नियम आहेत, आयआरसी १०३ म्हणतात, आणि सिग्नलसाठी चालण्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. सहा लेनचा रस्ता, एक लेन साडेतीन मीटर, म्हणजे एकवीस मीटर झाले, दुभाजक वेगळा. १.२ ने भागलं तर साडेसतरा सेकंद. पण गुडघे दुखणारा माणूस काठी घेऊन ०.८ ने चालला तर त्याला सव्वीस सेकंद लागतात. या आठ-नऊ सेकंदांत तुम्ही मधे अडकता.

म्हणून आधी स्वतःचा वेग मोजा, रस्त्यावर नको, बागेत. वीस मीटर टेपने मोजून घ्या आणि कट्ट्यातल्या सगळ्यांनी नेहमीच्या चालीने चालायचं, नातवाने मोबाइलवर टाइम लावायचा. मग सिग्नलजवळ फुटपाथवर सेफ उभं राहून पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद असतो ते मोजा, आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या खेपा करून किती लोक ओलांडायला निघाले, किती जण दिवा बदलला तेव्हा रस्त्यातच होते, हे लिहा. सकाळ, शाळा सुटायची वेळ, संध्याकाळ. मंगळवार-बुधवार-गुरुवार घ्या, रविवार वेगळा घ्या. लहान मूल कडेवर असलेल्या बायका, शाळेची पोरं, हातगाडीवाले भाजीवाले हे वेगळे मोजा, कारण मग हा नुसता म्हाताऱ्यांचा विषय राहत नाही. दोन जणांनी एकाच वेळी वेगवेगळं मोजायचं आणि शेवटी आकडे ताडून बघायचे, फार फरक पडला तर काय मोजायचं यावर आपलंच एकमत नाहीये असं समजायचं आणि परत करायचं.

फुटपाथही बघून घ्या जाता जाता. त्याच नियमांत चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं आहे. टेप लावली की बऱ्याच ठिकाणी काय निघेल ते तुम्हाला माहीतच आहे.

आता कुणाकडे जायचं हे घोडबंदरला खरंच अवघड आहे. मेन रस्ता, सर्व्हिस रोड, उड्डाणपूल, मेट्रोचं काम, सिग्नलचा टायमिंग, यांचे मालक एकच असतील असं नाही. पहिली भेट ट्रॅफिक शाखेला, कारण टायमिंग बदलायला खोदकाम लागत नाही. आणि मागणी अशी ठेवा की दोन आठवड्यांची ट्रायल घ्या, दहा सेकंद वाढवा, आम्ही आधीसारखंच परत मोजतो आणि गाड्यांची रांग किती वाढली तेही मोजतो. हे शेवटचं वाक्य विसरू नका. तुम्ही गाडीवाल्यांचा पण विचार केलाय म्हटल्यावर समोरच्याला ‘हो’ म्हणणं सोपं जातं.

ठाण्यातला एक सेकंड इयरचा विद्यार्थी : समोर टॉवरचं काम चालू आहे, धुळीने आजीला खोकला थांबत नाही. मी ऑनलाइन हवा मोजायचा स्वस्त सेन्सर घेतोय. त्याचे आकडे घेऊन कंप्लेंट केली तर चालेल ना?

सेन्सर घे, शिकायला मस्त आहे, पण या कामासाठी त्याच्यावर अवलंबून राहू नकोस. हे स्वस्त सेन्सर उजेडाच्या साहाय्याने कण मोजतात, हवेत दमटपणा जास्त असला की आकडा फुगतो, आणि ठाण्यात दमटपणा कधी नसतो? शिवाय बांधकामाची धूळ जाडी असते, ती या सेन्सरना नीट पकडताच येत नाही. म्हणजे जिथे खरी गडबड आहे तिथे तुझं मशीन कमी दाखवेल आणि समोरचा म्हणेल बघा, तुमचाच आकडा चांगला आहे.

त्यापेक्षा वही. ट्रक ताडपत्री न लावता आले का, पाणी मारतात का, हिरवी जाळी फाटली आहे का, बाहेर पडताना चाकं धुतात का, तारीख-वेळ-फोटो. हे बघायला मशीन लागत नाही आणि यावर वाद घालता येत नाही. सेन्सर लावलासच तर किचनच्या खिडकीपासून लांब ठेव, आणि सरकारी मोजणी केंद्राचे आकडे समीर अ‍ॅपवर येतात त्यांच्याशी पंधरा दिवस जुळवून बघ, शक्य झालं तर सेन्सर त्या केंद्राच्या जवळपास ठेवून. पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, ती सरासरी असते, दुपारी एक वाजता एकदा दोनशे दिसले म्हणून नियम मोडला असं म्हणता येत नाही. आणि आजीला आधी डॉक्टरांकडे ने, अभ्यास नंतर.

ऐरोलीहून : माहिती अधिकाराचा अर्ज टाकावासा वाटतो, पण भीती वाटते, आणि कशासाठी हवी हे विचारलं तर काय सांगायचं?

कारण द्यायची गरजच नाही, २००५ च्या कायद्यात तसं स्पष्ट आहे. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत, नाही आलं तर पहिलं अपील. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ‘आमच्या भागातल्या सगळ्या रस्त्यांची माहिती द्या’ असलं लिहू नका, ‘अमुक चौक ते तमुक चौक, या वर्षी, वर्क ऑर्डर आणि मोजमाप वहीची प्रत’ एवढंच मागा. भीती वाटत असेल तर तीन-चार जणांनी वेगवेगळे अर्ज टाका. त्याआधी एक सोपी गोष्ट करा, २०१८ च्या शासन निर्णयानुसार महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फाइली बघायला देण्याची सोय आहे. जाऊन शांतपणे बघून या, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात, आणि फाइल दाखवणाऱ्या क्लार्कशी नीट बोलाल तर उरलेल्यांचा रस्ता तेच सांगतात.

वाशीहून एक जण : आमच्या सोसायटीत कुणालाच इंटरेस्ट नाही. मीटिंगला चार डोकी येतात. मी एकट्याने काय करू?

चार डोकी पुष्कळ आहेत, मी खरंच सांगतेय. ‘शहर सुधारू या’ म्हणून बोलावलं तर लोक येत नाहीत, ज्याचं जे दुखतं त्यासाठी येतात. ज्यांच्या मुलांची स्कूल बस रोज एका खड्ड्यापाशी थांबते त्यांना त्या खड्ड्यासाठी बोलवा. वॉचमन, कचरा उचलणारे दादा, रिक्षा स्टँडवरचे, बाहेर भाजी विकणाऱ्या मावशी, यांना विचारा, ते दिवसभर रस्त्यावर असतात आणि आपण फक्त गाडीतून बघतो. त्यांना मीटिंगला बोलावून खुर्ची द्या, चहा द्या, आणि वेळ त्यांच्या सोयीची ठेवा, रविवारी सकाळी अकरा ही फक्त सुट्टीवाल्यांची सोय झाली.

मोठा प्रश्न पहिल्यांदा घेऊ नका. कचराकुंडी, बंद पथदिवे, असा एक विषय घ्या जो तीन महिन्यांत हलू शकतो. पथदिवे घेतले तर संध्याकाळी फिरायला जाताच ना, खांबाचे नंबर लिहून आणा, कुठला चालू कुठला बंद, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर ही माहिती कुणीही फुकट टाकू शकतं, कॉलेजचं एखादं पोर अर्ध्या तासात शिकवेल. मधली काही वर्षं आपल्याकडे नगरसेवकच नव्हते, नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होते, त्या काळात लोकांची कुणाला तरी भेटायची सवयच गेली. ती परत लावायला लागेल. प्रभाग समितीत सामाजिक संस्थांच्या प्रतिनिधींना घ्यायची तरतूद कायद्यात आहे, तुमच्या प्रभागात तिथे कोण बसतं ते विचारून घ्या. आणि दिवे लागले की परत एकदा फिरा, यादी तपासा, कुठले लागले कुठले नाहीत ते लिहून सोसायटीच्या बोर्डावर लावा, वॉर्ड ऑफिसच्या ज्या माणसाने काम केलं त्याचे आभार सुद्धा त्याच कागदावर लिहा.